सूर्यावरचा भडका आणि पश्चिमेला गेलेलं दूध

माझी मुलगी सूर्याचा अभ्यास करते. त्यासाठी ती दूर पश्चिमेला, जर्मनीला निघाली होती आणि तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. जाण्याआधी त्यांनी एक शब्द तरी बोलावा, एवढीच माझ्या जिवाला आस होती.

रथसप्तमीला आमच्या सोनपेठच्या अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू जाऊ देतात. ज्या दिशेला उतू जाईल, तिकडे वर्षभर बरकत. त्या सकाळी रांगोळीचा सूर्य काढता काढता मी लेकीला विचारलं, "तू नेमकं काय शोधायलीस गं?"

"सूर्याच्या पृष्ठभागातून चुंबकीय क्षेत्र वर येतं, आई. त्याला पीळ बसत जातो. वर तो तुटला की भडका उडतो. ती सौरज्वाला."

"म्हणजे पीळ सुटला, खालचं सैल पडलं."

"न्हाई ना! वरचा ताण सुटतो. पण खाली पृष्ठभागावर क्षेत्र आडवं होतं अन् तिथं उलट जोर वाढतो. काही मिनिटांत. मग ते पहिल्यासारखं होतच न्हाई."

"भडका वर अन् बदल खाली? कोण कुणामुळं?"

"तेच तर शोधायलोत आमी."

माझं डोकं पार गरगरलं. मी मराठीची मास्तरीण. कर्ता सापडल्याशिवाय मला साधं वाक्यही पटत नाही.

तेवढ्यात ओसरीवरून हे माझ्याकडे बघून कडाडले, "इथं काय सूर्य उगवत न्हाई का? जा म्हणावं, जायचं तर!" लेक उठून आत गेली. संपलं सगळं, असं वाटून मला रडू आलं. हे मात्र अनवाणीच अंगणात उतरले, गोवऱ्या नीट रचल्या, बोळकं ठेवलं. आता हा राग होता की आणखी काही, मला उमगेना.

दूध फसफसून वर आलं आणि पश्चिमेला उतू गेलं. आमच्याकडे ते नेहमी पूर्वेला जातं. दुपारच्या एसटीने ती गेली.

संध्याकाळी राख भरायला बोळकं उचललं, तर त्याच्याखाली पूर्वेच्या बाजूला खापराचा तुकडा सारलेला, बोळकं पश्चिमेला कलावं असा. "हे काय हो?" म्हटलं, तर म्हणाले, "मला काय माहीत?" मग इतकी वर्षं दूध पूर्वेला कसं जायचं, हेही विचारावंसं वाटलं. धीर झाला नाही.

आठवड्याने लेकीचा फोन आला, तेव्हा मी तिला त्या खापराचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना दे." मी भीत भीतच फोन पुढे केला. त्यांनी तो घेतला, घसा खाकरला.

"तिकडं ऊन पडायलंय का, माय?"