करवंटीतला पाक

आषाढाच्या झडीत रानात फूल नसतं, म्हणून मी मधमाश्यांच्या पेटीत करवंटीभर साखरेचा पाक ठेवते. माश्या बुडू नयेत म्हणून वर गवताच्या काड्या सोडते. आज तिसरा दिवस, पाक तसाच आहे.

वैशाखात लेक आली, तेव्हा शेवटच्या पोळ्यातला मधही मीच काढला. हे म्हणाले होते, “त्यांच्यापुरता राहू दे.” मी म्हटलं, “साखर घालू की.” घेतलेलं दुसऱ्या कशानं तरी भरून देता येतं, असं आपल्याला किती सहज वाटतं.

लेक न्यायला विसरली ती मधाची बाटली फडताळात होती. मघाशी पाक ओतून टाकून तीच करवंटीत रिकामी केली आणि पेटीला कान लावून बसले. पत्र्यावरचा पाऊस आता थांबलाय. तरी आतलं काही ऐकू येत नाही.