जुन्या सीडी चालतात का?

जुना व्हिडिओ गेम सुरू केला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला थोरल्या भावाचा दहावा आठवतो. मलकापूरला नदीकाठी पिंड मांडला होता, पण कावळा काही शिवेना. आईला सांभाळू, धाकट्याला शिकवू, सगळं कबूल करून झालं, तरी कावळे बाभळीवरच बसून होते. शेवटी बाबा वाकून पिंडाशी बोलले, "तुले पायजे होता ना तो नवा गेम, आणतो मी." लगेच एक कावळा खाली उतरला. शब्द दिला होता, म्हणून त्याच आठवड्यात आम्ही दुकानात गेलो. दादाची आणि माझी क्रिकेटची मॅच जुन्या गेममध्ये अर्धी सेव्ह केलेली होती, म्हणून मी विचारलं, "यात जुन्या सीडी चालतात का?" दुकानदार म्हणाला, "नाही चालत भाऊ. जुनं काऊन धरून बसता?" बाबा खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मंग तो यात येईन कसा?" दुकानदाराला काहीच समजलं नाही. ते खोकं आजही दादाच्या फोटोखाली तसंच बंद आहे. मी जुनाच गेम लावतो. पडद्यावर दादाचा फलंदाज बॅट आपटत वाट पाहत असतो, आणि तो बाद होईल म्हणून मी अजून चेंडू टाकलेला नाही.