बंदरावर झोप नव्हती

लग्न होऊन मी पैनगंगेच्या काठी आले तेव्हा त्या जागेला सगळे बंदर म्हणत. समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. पण पावसाळाभर आणि पुढे थंडी सरेपर्यंत माणसं, मीठ, राकेलचे डबे, कापसाची गाठोडी, सगळं इथूनच पलीकडे मराठवाड्यात जायचं. ते नेणारा मोठा लाकडी डोंगा माझ्या सासऱ्यांचा. दिवस मावळला की डोंगा खुंट्याला बांधायचा, आणि काठावर चिटपाखरू उरायचं नाही. आम्ही लवकर जेवून निजायचो.

दुष्काळी कामावर रस्ता झाला आणि मागोमाग पूल. पूल ठेंगणाच होता, पण मोटारी जायला लागल्या. पहिला ट्रक गेला त्या दिवशी सासरे घरी येऊन म्हणाले, "आपलं काम सरलं, बाई." आणि जेवायला बसले.

ट्रक थांबू लागले तसं आधी चहाचं हॉटेल आलं. मग देशी दारूचं परवान्याचं दुकान, त्याला लागून खानावळ, उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा. दिवे लागले की वाशीमहून कचेरीतले बाबू, अडते, दुकानदार फटफट्या घेऊन यायचे. नदीचा गार वारा, मटण आणि कर्ण्यावरची गाणी. आता वाशीमात कुणी 'बंदरावर जाऊन राह्यलो' म्हटलं की घरातल्या बाया तोंड फिरवायच्या.

खानावळ आमच्या दाराला लागूनच होती. नवरा तिथं वाढपी झाला आणि मी मागच्या चुलीवर भाकरी थापायला लागले. मालकानं डोंगा दगडांवर उपडा घालून गिऱ्हाइकांना बसायला केला. सासरे म्हणाले, "बसू द्या. कुजण्यापेक्षा बरं." गिऱ्हाईक गेलं की भांडी, भांडी झाली की ट्रकवाल्यांचा चहा. पीठ मळता मळता माझी मान खाली पडायची. सासऱ्यांना तर कर्ण्यानं डोळाच लागत नसे. ओसरीवर बसून ते मला विचारायचे, "झालं का याहिचं गानं?" मी म्हणायची, "नाही, मामाजी."

पोळ्याच्या आधी एका दुपारी नदी पुलावर चढली. वाशीमहून आलेली एसटी अलीकडेच थांबली, आणि थोड्या वेळानं मागच्या नाल्यालाही पाणी आल्यामुळे तिला परत फिरता येईना. गाडीत एक पोर होती, पहिलटकरीण. बाप तिला पलीकडे माहेरी नेत होता. गाडीतच तिला कळा सुरू झाल्या. बाप धोतर गुडघ्यापर्यंत भिजवून खानावळीत आला. मोठा शेतकरी दिसत होता.

"इथं डोंगा चालत होता ना? कोनाचा हाये?"

सासरे उठले. डोंग्यावर बसलेली माणसं उठली आणि सगळ्यांनी मिळून तो सुलटा केला. सासऱ्यांनी फळ्यांवरून हात फिरवला. वाळून फटी पडल्या होत्या, आरपार उजेड दिसत होता.

"पान्यात नाही टिकत हा. तुमची पोरगी बुडल."

"मंग काय करू मी?"

"इथंच होऊ द्या. आमची सून हाये."

मी हातातलं पीठ पुसत उभी राहिले. मला एकटीला काय येत होतं? दारूच्या दुकानापुढे उकडलेली अंडी विकणारी एक बाई होती, जवळच्या वस्तीतली, बौद्ध, माझ्या आईच्या वयाची. बाळंतपणं केलेली. मी तिला हाक मारली. ती टोपली झाकून आली. तोवर पोरीला गाडीतून आणून भटारखान्यात, माझ्या चुलीपाशी निजवलं होतं. तिचा बाप दारात उभा होता. त्यानं अंडीवालीकडे पाहिलं, तिची जात त्याच्या ध्यानात आली असावी, आणि तो दारातून हलेना.

ती शांतपणे म्हणाली, "सरकून राह्यले का, का जाऊ मी?"

आतून पोरगी ओरडली. तो सरकला.

बाहेर कर्णा चालूच होता. सासरे मालकाकडे गेले, गाणं बंद करा म्हणाले. मालक म्हणाला, "लोक अडकून पडले, मामा. करमन कसं त्याहिले?" त्यावर एक अडत्या, चांगला प्यायलेला, उठला आणि त्यानं स्वतःच रेकॉर्डवरची सुई उचलली. मग फक्त नदीचा आवाज राहिला. इतकी वर्षं तो तिथंच होता, पण कर्णा आल्यापासून मला ऐकू आला नव्हता.

कंदील लावल्यावर मुलगी झाली. अंडीवालीनं नाळ कापली, मी पाणी तापवलं, माझं जुनं लुगडं फाडून दिलं. बाळंतीण निजली तशी मीही ज्वारीच्या पोत्याला टेकले. कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, पाणी पुलाखाली गेलं होतं आणि बाळंतिणीला बैलगाडीतून नेलंही होतं. बाहेर डोंगा पुन्हा उपडा घातलेला होता. संध्याकाळी गाणी लागली.

दिवाळीनंतर पोरीचा बाप आला, ऐन गर्दीच्या वेळी. दोन लुगडी आणली होती. एक मला दिलं. दुसरं घेऊन तो दारूच्या दुकानापुढे गेला. मी भाकरी तव्यावर टाकून पुढच्या दारात येऊन पाहत राहिले. तो खाली ठेवतो की काय असं मला वाटलं. त्यानं ते तिच्या हातात दिलं.

"पोरगी कशी हाये?" तिनं विचारलं.

"लय रडते."

"रडू द्या. छाती चांगली हाये म्हना."

तो आणखी काही बोलणार होता, पण तेवढ्यात कुणीतरी अंडी मागितली. तिनं लुगडं काखेत धरलं आणि अंडं सोलायला लागली. माझी भाकरी तोवर करपली होती.