पायमोज्यातला केस

दुबईतल्या बऱ्याच मराठी घरांत एक हकिगत माझ्या नावाने सांगितली जाते. ती जशी सांगितली जाते तशी घडलेली नाही. हे आजवर एकट्या मला ठाऊक होतं. नवऱ्याला नाही, आणि जिला सर्वांत आधी कळायला हवं होतं तिलाही नाही.

आधी जे खरं आहे ते सांगते. बाळाचं बोट मी वाचवलं. त्याचा मला अभिमान आहे, आजही. तो झाकून बाकीचं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

मंदीचं दुसरं वर्ष होतं. मी एका इंग्रजी दैनिकात आरोग्याचं पान बघायची. जाहिराती आटल्या, पान बंद झालं, आणि पानाबरोबर मीही घरी आले. त्याच सुमारास माझ्या धाकट्या दिराची, शैलेशची, कंपनी अर्धा बांधलेला टॉवर तसाच सोडून गुंडाळली गेली. तो, माझी जाऊ मीनल आणि चार महिन्यांची सानिका शारजाचं घर सोडून अल मनखूलला आमच्या वन बेडरूममध्ये राहायला आले. मीनल विम्याच्या ऑफिसात जायची, शैलेश सीव्ही घेऊन फिरायचा, आणि बाळ दिवसभर माझ्याकडे असायचं.

बिल्डिंगचा एसी सेंट्रल होता, आपल्या हातात नसलेला. त्यामुळे बाळाच्या पायांत सकाळ-संध्याकाळ मोजे. आणि केस — इथल्या पाण्याने सगळ्यांचेच गळतात असं आम्ही सगळ्या बायका म्हणायचो. बाळंतपणानंतर मीनलचे तर झुपकेच निघत होते. माझे मात्र कमरेपर्यंत होते, दाट, सरळ, दर महिन्याला मेंदी लावलेले. नोकरी गेल्यावर मिरवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, बाळाच्या घरात केस मोकळे सोडू नकोस. मी ती अंधश्रद्धा समजून हसायची.

एका दुपारी सानिका रडायला लागली ती थांबेचना. दूध पाजलं, ढेकर काढला, बेंबीभोवती हिंग लावला. पोट दुखत असेल — दुसरं काय असणार? शैलेश कुठल्याशा इंटरव्ह्यूहून आला होता. त्याने टाय सोडत विचारलं, "वहिनी, ह्या रडण्याला काय हेडिंग द्याल?"

तो चिडवत होता, पण त्याच वाक्याने मला आठवलं. हेडिंग मी एकदा दिलेलं होतं. कुणा बालरोगतज्ज्ञाने पाठवलेला छोटा मजकूर होता तो : बाळ रडायचं थांबत नसेल आणि कारण सापडत नसेल, तर त्याचे सगळे कपडे काढा. हातापायाचं एकेक बोट बघा, मुलगा असेल तर शूची जागाही बघा. गळालेला केस किंवा कपड्यातला सुटा दोरा तिथे गुंडाळला गेलेला असतो. बोट सुजतं तसा तो आत रुततो आणि दिसेनासा होतो.

मी मोजा काढला. उजव्या पायाचं मधलं बोट जांभळट, फुगलेलं. बुडाशी बारीक खाच, दोरी करकचून आवळावी तशी. केस कुठे दिसत नव्हता. शैलेश नखं कापायची कात्री आणायला धावला. मी अडवलं. अंदाजाने कापलं तर बोट कापलं जातं, केस राहतो. टॅक्सी बोलाव म्हटलं, आणि मीनलला थेट दवाखान्यात यायला सांगितलं.

इथपर्यंत मी एकही चूक केलेली नाही. आणखी उशीर झाला असता तर बोट हाती लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं. त्यांनी भिंगाखाली, बारीक चिमट्याने, वेढे सोडवले. बोटाचा रंग परत येताना मी पाहिला. तसं समाधान मला पेपरातल्या कुठल्याही पानाने दिलेलं नाही.

मग त्यांनी तो केस पांढऱ्या गॉझवर ठेवला.

मीनलचे केस काळेभोर आणि कुरळे. गॉझवरचा केस सरळ होता. आणि दिव्याखाली तांबूस.

आदल्या दिवशी मेंदी धुऊन मी पलंगावर केस विंचरत बसले होते. शेजारी घडी घालायचे बाळाचे कपडे होते. मोजे मी तिथूनच उचलले — उलटे करून, आत बघून घ्यायचं सुचलंच नाही. हे सगळं मला त्या दिव्याखाली एकदम कळलं. कळायला वेळ लागला, असं म्हणायची सोय नाही.

डॉक्टरीणबाई मीनलची समजूत घालत होत्या, "डिलिव्हरी के बाद माँ के बाल बहुत गिरते हैं, हो जाता है." सर्वसाधारण गोष्ट, शंभर टक्के बरोबर. मीनलने गॉझकडे पाहिलंही नाही. रडून रडून तिला दिसत नव्हतं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, माझा केस?"

आणि मी म्हणाले, "तुझे केस हल्ली फारच गळतायत गं."

वाक्य तपासून बघा. त्यात एकही शब्द खोटा नाही. तिचे केस गळत होतेच. अडचणीची बातमी अशीच लिहितात. कुणी कोर्टात खेचलं तरी प्रत्येक शब्द टिकावा, आणि वाचणाऱ्याने मात्र आपल्याला हवं तेच समजावं. इतकी वर्षं शिकलेली कारागिरी मी माझ्या धाकट्या जावेवर वापरली. ती किती सफाईने वापरली, हे लिहिताना — खरं सांगू? — आतून अजूनही थोडी शाबासकी येते. ती शाबासकीसुद्धा ह्या कबुलीत मोडते.

घाबरले होते म्हणून बोलले का? नाही. मला कुणी काही म्हणालं नसतं. चूक कुणाच्याही हातून होण्यासारखी होती. पण त्या दिवशी, नोकरी गेल्यानंतर पहिल्यांदा, घरात माझ्यामुळे काही चांगलं झालं होतं. त्याच दिवशी ते माझ्यामुळेच बिघडलंही होतं, हे मला त्यात नको होतं. एवढंच.

सासूबाईंनी फोनवर माझं कौतुक केलं आणि मीनलला ऐकवलं. त्याच आठवड्यात मीनल करामाच्या पार्लरमध्ये जाऊन केस अगदी बारीक कापून आली. तरीही घरात डोक्याला रुमाल बांधायची. ऑफिसातून आल्यावर पूर्वी पर्स टाकून आधी पोरीला उचलायची. आता दारातच थांबायची, बाही झटकायची आणि विचारायची, "ताई, घेऊ का?" स्वतःच्या मुलीला. मी म्हणायची, घे की. मला ते आवडायचं — हेही लिहायला हवं.

पुढे शैलेशला अबुधाबीत काम लागलं, ते गेले. मी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बोलायला लागले. बाळाला घेताना केस बांधा. मोजे, हातमोजे उलटे करून धुवा, उलटे करून बघा, सुटे दोरे कापा. बोटं रोज मोकळी बघा. आणि हे फक्त बाळांचं नाही. मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झालेत, जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना दुखतंय हे सांगता येत नाही, त्यांचीही बोटं बघा. अल कुसैसच्या एका सुनेने ते ऐकलं आणि व्हिजिटवर आलेल्या सासऱ्यांचा मोजा काढला. नायलॉनचा दोरा अंगठ्यात रुतला होता, त्यांना पत्ताच नव्हता. अंगठा वाचला. तिने मला पेढे आणून दिले. ते पेढे मी कमावले होते, असं मी आजही म्हणेन.

पण दर वर्षी भाषणाची सुरुवात कुठून? "आमच्या घरचंच उदाहरण. आईचा एक गळलेला केस." पहिल्या वर्षी मीनल अबुधाबीहून मुद्दाम आली होती, समोर तिळगूळ वाटत होती. बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. ती हसली, ताट पुढे करत राहिली. मी थांबले नाही. तिथे आईऐवजी काकू म्हटलं असतं तर भाषणाचं काय बिघडलं असतं? काहीच नाही. मोजा तसाच उलटा करायचा होता.

सानिका आता कॉलेजात आहे. बोटाला साधा वळही नाही. मागे राहायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, इतके सुंदर केस, जरा मोकळे सोड की. ती म्हणाली, "मॉम गेट्स स्केअर्ड, काकू." आणि वेणी आणखी घट्ट केली.

केस माझा होता. मीनलने त्या दिवशी काहीही चुकीचं केलं नव्हतं, त्याआधीही नाही.

हे छापायला देण्यापूर्वी मी तिला वाचायला दिलेलं नाही. दिलं असतं तर ती म्हणाली असती, "राहू द्या हो ताई." आणि मी राहू दिलं असतं.