सरळ केलेली छिद्रं

जळगावात वाजवायच्या पेट्या दुरुस्त करणारे नूर महंमद यांच्या घरी आपोआप वाजणारे तीन पियानो आहेत. एक अमळनेरच्या जुन्या बंगल्यातला, दोन धुळ्याच्या भंगारवाल्याकडचे. आत पेटीसारखाच भाता असतो आणि त्यावर कागदाचा रोल फिरतो. रोलवरच्या छिद्रातून हवा गेली की सूर वाजतो. फार पूर्वी कुणी वादकाने वाजवलेलं, त्याच्या हाताच्या लकबीसकट, या छिद्रांत उतरलेलं असतं.

“या माझ्या तीन सवती,” अकबरीभाभी पाहुण्यांना सांगतात. “लाकडाच्या आहेत म्हणून भांडत नाहीत.”

नूरभाईंकडे असे बारा रोल होते. कागद पापडासारखा झालेला. तो मोडायच्या आत नव्या कागदावर नक्कल कापून ठेवायची, एवढीच त्यांची इच्छा. वय बहात्तर, नजर अधू, म्हणून खुणा करायला त्यांनी मला बोलावलं. मी एका तेलगिरणीच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काम करतो, मे महिन्यात निवृत्त होईन. माझं काम नेटकं असतं असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं.

पहिला जुना रोल नव्या कागदावर अंथरून मी छिद्राछिद्रातून पेन्सिल फिरवली. उचलताना जुना कागद तुटत गेला. खुणा केलेला नवा कागद घरी नेला, तेव्हा दिसलं की एकदम वाजायचे सूर एका रेषेत नाहीत. डावीकडचे किंचित आधी, उजवीकडचे मागे. कागद सरकला असेल असं मी धरून चाललो. पट्टी आणि खोडरबर घेऊन आठवडाभर बसलो आणि सगळ्या खुणा सरळ केल्या. नूरभाईंना विचारावंसंही वाटलं नाही. त्यांनी विश्वासाने खुणांवर पंच मारला.

रोल लावला. सूर एकही चुकला नाही. नूरभाई मान खाली घालून ऐकत होते.

“भाऊ, सूर बठ्ठे आहेत, एकूण एक,” ते म्हणाले. “वाजवणारा उठून गेला.”

त्या वादकाचा डावा हात नेहमी जरासा आधी पडायचा, वीस वर्षं ते तसंच ऐकत आले होते. कापताना आपल्याच हातून काही बिघडलं, असं त्यांनी धरलं. मला तिथल्या तिथे सगळं कळलं. तरी मी गप्प बसलो. भाभींनी माझ्या खुणांचं कौतुक केलं, तेही चहाबरोबर ऐकून घेतलं.

दोन महिन्यांनी नूरभाईंनी पंच डबीत घालून ठेवला. एक रोल मारला तेवढा पुरे, उरलेल्या अकरांना हात लावणार नाही, म्हणाले. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

नूरभाईंनी एवढंच विचारलं, “जुन्या कागदाचे तुकडे?”

तुकडे मीच त्या दिवशी झाडून टाकले होते, जागा स्वच्छ राहावी म्हणून. तसं सांगितलं.

आता रविवारी उरलेल्या रोलच्या खुणा नूरभाई स्वतःच करतात, नाक कागदाला टेकेल इतके वाकून. मला कागदाचं टोक धरायला दिलंय. मी धरून बसतो. पेन्सिल मागत नाही.