बेटावरची ओटी

डोंबिवलीतल्या शेजारणी मंदाकाकूला तुसडी म्हणत. ज्यांनी तिला सुमतीच्या वेण्या घालताना पाहिलं नाही, त्यांनी खुशाल म्हणावं. विसाव्या वर्षी मंदाकिनीचं कुंकू पुसलं गेलं. पाठोपाठ थोरली जाऊ वारली आणि तिची तान्ही सुमती हिच्या कुशीत आली. तेव्हापासून मंदाकिनीला दुसरं जग नव्हतं.

सुमती लग्न होऊन भिवंडीला गेली. बावन्न साली तिला सातवा महिना लागला, तशी डोहाळजेवणासाठी मंदाकिनीच तिला माहेरी आणायला गेली. ओटी भरताना मात्र तिनं माजघरात बसायचं होतं. ओटी सवाष्णींनी भरायची. जिनं पोरीला वाढवलं तिनं आत पानं मांडायची! सुमतीच्या आत्यानं, आवडाबाईंनी, हे आधीच बजावून ठेवलं होतं, तेही अगदी गोड आवाजात.

दोघी माणकोलीहून होडीत बसल्या. खाडीच्या मधोमध चार माडांचं एक चिमुकलं बेट होतं. आजवर त्यांनी ते लांबूनच पाहिलेलं.

“काकू, जाऊया ना तिथं!” सुमती एकदम म्हणाली.

“अगं, घरी वाट बघत असतील.”

“बघू देत. विश्रामदादा, नेता का?”

होडीवाला विश्राम हसला. “चला की. भरती हाय अजून.”

बेटावर बघण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. चिखल, खेकडे आणि वारा. पण सुमती लहान पोरीसारखी हरखली. माडाखाली पडलेला नारळ उचलून तिनं काकूच्या हातात दिला आणि पदर पसरून उभी राहिली.

“उद्या तुला कुणी पुढं येऊ देणार नाही. तू आत्ताच भर.”

“वेड लागलंय का तुला?”

“माझी आई तूच ना?”

मंदाकिनीनं नारळ ओटीत घातला, वर मूठभर रानफुलं. विश्रामनं शहाण्यासारखी पाठ फिरवली होती. परतताना मंदाकिनी इतकी हसली की तिचं तिलाच नवल वाटलं.

दोन महिन्यांनी सुमतीला मूल झालं ते मेलेलं.

मंदाकिनीला कुणी बोललं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. पण तिनं आपला निवाडा आपणच करून टाकला. सुमती रडून सांगायची, “काकू, ओटीचा काही संबंध नाही गं.” तिला ते ऐकू जायचं, पटायचं नाही. पुढच्या खेपेला सुमती नारळ घेऊन समोर आली, तेव्हा मंदाकिनी स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आतून कडी लावून घेतली. सुमती दाराशी बसून बसून उठून गेली.

मालन झाली ती गुटगुटीत, धडधाकट. आजोळी आली की सगळ्यांच्या मांडीवर बसायची, फक्त काकूआजीच्या नाही. पोरगी हात पसरून आली की मंदाकिनी आपले हात पदराखाली घ्यायची. “हात ओले आहेत गं, बाळ.” दर वेळी तेच. आणि दर वेळी तिचा जीव तुटायचा.

मालन तीन वर्षांची झाली. एका दुपारी ती दोरीवरचा पंचा ओढून घेऊन आली. तिनं मंदाकिनीचा हात पदराखालून बाहेर काढला, एकेक बोट पुसलं. मग दुसरा हात पुसला. हात कोरडेच होते.

“झाले कोरडे. आता घे.”

मंदाकिनीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

“सुमे,” तिनं हाक मारली, “हिला घेऊन जा गं.”