हा डोळा अजून बघतो

मी बसलो आणि थेट फरशीवर आपटलो. डावी पापणी अर्धी मिटलेली, समोर दोन खुर्च्या दिसत होत्या. मी नेमकी नसलेली निवडली. शिकाऊ डॉक्टर हसले. मोठे डॉक्टर हसले नाहीत. "ह्या डोळ्याचा आता काय उपयोग, ऐया? काढून टाकू. ह्या संमतीच्या कागदावर सही करा."

पितृपंधरवड्यात सोवळ्यात सुई कशाला टोचायची, म्हणून मी इन्सुलिन बंद ठेवलं होतं. श्राद्धाची खीर, पायसम, मात्र सोडलं नाही. साखर चढली. नाकात बुरशी शिरली, तिथून डोळ्यामागे गेली. हे खरं सांगितलं, तर मोठे डॉक्टरसाहेब शिकाऊ पोरांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "हे राजवाड्याजवळचे मराठी लोक, शिकलेले अडाणी."

तीस वर्षं सरकारी कचेरीत इंग्रजी टिपणं लिहिलीत मी. सगळं कळलं. तरी मान खाली. पेन घेतलं.

कागदावर टेकवलं आणि आठवलं. सकाळपासून ह्या डोळ्यात कुणी साधी बॅटरीसुद्धा मारली नव्हती.

पेन ठेवलं. "डोळा मेलाय तर मला दोन खुर्च्या कशा दिसल्या, सर?"

"जीव हवा की नको?"

"हवा. पण तपासल्याशिवाय सही नाही. तपासून काढायचाच ठरला, तर काढा."

एक तरुण डॉक्टरीण पुढे आली. उजवा डोळा झाकला, डावी पापणी उचलून बोटं धरली.

"तीन," मी म्हणालो.

"नजर आहे, सर," ती म्हणाली.

मग डोळा न काढता नाक आतून खरवडून साफ केलं. शिरेतून औषध; ते चढलं की दात कडकड वाजायचे. डोळ्यामागे सुया. रोज सकाळी बोटं मोजायची. एका सकाळी मोजता आली नाहीत. संडासात जाऊन रडलो, कडी लावायला विसरून.

बुरशी थांबली. नजर उरली, धूसर. पापणी अजून लोंबते.

घरी सोडलं त्या दिवशी साहेब नव्या पोरांना मला दाखवत होते. "हा आपण वाचवलेला डोळा." आणि मी, सवयीचा गुलाम, हात जोडले.

बाहेर बाकावर पापनाशम गावाकडची एक शेतमजूर बाई बसली होती. डोळ्यावर पट्टी, हातात तसलाच कागद. तिचा अंगठा घ्यायला शाईची डबी घेऊन नर्स येत होती.

मला घरी न्यायला आलेल्या बायकोने माझे जोडलेले हात ओढून सोडवले. म्हणाली, "नमस्कार कसले करता? आधी तिला विचारा, डोळा कुणी तपासला का. नसेल तपासला, तर तिला घेऊन आपण पुन्हा आत जायचं. बस चुकली तर चुकू दे."